चॅप्टरचं अध्यक्षपद घ्यावं का? एका प्राध्यापकाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही संगणक अभियांत्रिकीचे सहयोगी प्राध्यापक आहात, अकरा वर्षं शिकवताय, पीएचडीचे दोन विद्यार्थी मध्यावर आलेत. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेची संगणकवाल्यांची शाखा म्हणजे कॉम्प्युटर सोसायटी. तिच्या तुमच्या भागातल्या चॅप्टरचं, म्हणजे स्थानिक गटाचं, अध्यक्षपद पुढच्या वर्षी तुम्ही घ्या, असा आग्रह चाललाय. तुम्ही विचारलंय की संशोधन मागे पडेल का, बढतीच्या वेळी हे धरतात का, आणि यात खरंच काही नेतृत्व असतं की बॅनरसमोर उभं राहून फोटो काढण्यातच वर्ष जातं.

मीही संगणक अभियांत्रिकीच शिकवतो. आधी चॅप्टरचा सचिव, मग अध्यक्ष, मग वरच्या कमिटीवर, अधूनमधून एखाद्या कॉन्फरन्सच्या कार्यक्रम समितीचा प्रमुख, अशी वीसेक वर्षं व्यावसायिक संस्थांमध्ये काढली. या संस्था एकाहून जास्त होत्या, त्यामुळे पुढचे अनुभव नेमके कुठले ते शोधत बसू नका. त्यातल्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

वेळेचा हिशेब आधी उरकतो, कारण तो सोपा आहे. एरवी आठवड्याला तीन-चार तास लागतात, कार्यक्रमाच्या आठवड्यात त्याच्या तिप्पट. वार्षिक अहवाल आणि जमाखर्च सादर करायच्या दिवसांत एखादा अख्खा रविवार जातो. सेमिस्टरच्या परीक्षा आणि मोठा कार्यक्रम एकाच आठवड्यात आले तर दोन्हीची माती होते, तेवढं टाळा. इतका वेळ बहुतेकांना काढता येतो. संशोधनाला खरा फटका बसतो तो डोकं अडकून पडल्यामुळे. सकाळी पेपर लिहायला बसायचं आणि वक्त्याचं उत्तर आलं का म्हणून मेल उघडायचा, की तो दिवस गेलाच. मी शेवटी चॅप्टरचा मेल वेगळ्या खात्यावर नेला आणि तो संध्याकाळीच उघडायचा असं ठरवलं. पहिल्याच आठवड्यात हे करायला हवं होतं, मला दीड वर्ष लागलं.

आता खरी अडचण. तुम्ही आणि मी, आपण सगळे प्राध्यापक, ज्या खोलीत बोलतो तिथे आपल्या हातात काहीतरी असतं. वर्गात गुण आणि हजेरी असते, प्रयोगशाळेत सहीसाठी थांबलेला विद्यार्थी असतो. वर्षानुवर्षं लोक आपलं ऐकतात आणि आपल्याला वाटायला लागतं की आपल्या अंगी नेतृत्व आहे. व्यावसायिक संस्थेत यातलं काहीच हातात नसतं. समोरचा माणूस फुकट काम करतोय. त्याने फोन उचलला नाही तर विषय संपला. चॅप्टरच्या अध्यक्षपदात जे काही नेतृत्व आहे ते इथेच आहे, आणि प्राध्यापकांना ते जड जातं ते याच कारणाने.

माझी पहिली कमिटी बैठक अजून डोळ्यांपुढे आहे. नऊ जण होते, त्यातले चार माझेच जुने विद्यार्थी. मी विचारलं, वेबसाइट कोण बघणार? शांतता. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वहीतून मान वर केली आणि म्हणाला, "सर, तुम्ही सांगाल तसं." मी इतिवृत्तात त्याचं नाव लिहून मोकळा झालो. तीन महिन्यांनी वेबसाइटवर जुन्या अध्यक्षांचाच फोटो हसत होता. त्या पोराची काही चूक नव्हती. "तुम्ही सांगाल तसं" याचा अर्थ "मी हे काम घेतलेलं नाही" असा असतो. वर्गात तोच होकार म्हणून चालतो, म्हणून मला ते ऐकू आलं नाही.

त्याच बैठकीत कंपनीत काम करणारी एक इंजिनिअर होती. तिच्या लेखी मी कुणाचा सर नव्हतो. ती सरळ म्हणाली, "माझ्याकडे महिन्याला दोन तास आहेत, शनिवारी सकाळी. त्यात काय बसेल ते सांगा." तिला सभासदांची यादी दुरुस्त ठेवायचं काम दिलं. दोन वर्षं एकही महिना चुकला नाही. तेव्हापासून मी कुणालाही काम देण्याआधी तास विचारतो. शून्य तास असं उत्तर आलं तरी चालतं, निदान खरं कळतं. जुन्या विद्यार्थ्यांना तर मी बैठकीत विचारतच नाही, वेगळा फोन करतो आणि नकार द्यायला जागा ठेवतो. चारचौघांत ते मला नाही म्हणूच शकत नाहीत.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे फोटोच्या प्रश्नाकडे येतो. कार्यक्रमांची संख्या हा या क्षेत्रातला सगळ्यात फसवा आकडा आहे. आय-ट्रिपल-ईत नवा चॅप्टर काढायला त्या सोसायटीच्या किमान १२ सभासदांच्या सह्या लागतात आणि चॅप्टर चालू ठेवायला वर्षाला किमान २ तांत्रिक सभा घ्याव्या लागतात. फक्त दोन. मी माझ्या पहिल्या वर्षी वीसच्या वर घेतल्या. अहवाल असा भरगच्च दिसला की वरून कौतुकाचा मेलही आला. वर्षअखेरीला कमिटीतले निम्मे लोक मला टाळायला लागले होते आणि पुढचा अध्यक्ष व्हायला एकही जण तयार नव्हता. का होईल? त्यांनी वर्षभर पाहिलं होतं की या पदावरचा माणूस खुर्च्या मोजत फिरतो. शिवाय मेलिंग लिस्टचा नवा पासवर्ड एका विद्यार्थी स्वयंसेवकाकडे होता आणि तो पदवी घेऊन निघून गेला होता. जवळजवळ दोन महिने आम्ही सभासदांना एक मेल पाठवू शकलो नाही.

दुसऱ्या वर्षी मी सहा कार्यक्रम घेतले आणि पहिल्याच महिन्यात उपाध्यक्षाला सांगितलं की पुढच्या वर्षी तू. ही युक्ती काही माझी नाही, संस्थेच्या रचनेतच ती आहे. आय-ट्रिपल-ईचा अध्यक्ष एक वर्ष नियोजित अध्यक्ष असतो, एक वर्ष अध्यक्ष आणि एक वर्ष माजी अध्यक्ष म्हणून मंडळावर. कॉम्प्युटर सोसायटीतही तीच साखळी आहे. आपण खाली चॅप्टरमध्ये मात्र डिसेंबरात घाईघाईने कुणालातरी पकडतो. तुमच्यावर चाललेला आग्रह तसाच तर नाही ना, हे आधी तपासा.

वरच्या पातळीवर प्राध्यापकांनी काय केलंय हे बघितलं की चॅप्टरच्या कामाचंही माप लागतं. मार्था स्लोन मिशिगन टेकमध्ये प्राध्यापक होत्या. कॉम्प्युटर सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष, आणि १९९३ मध्ये अख्ख्या आय-ट्रिपल-ईच्या पहिल्या महिला अध्यक्ष. संस्था आपलं मूळ १८८४ सालापर्यंत नेते, म्हणजे शंभरावर वर्षं उलटल्यावर. इकडे एसीएम या संगणकशास्त्राच्या दुसऱ्या जागतिक संस्थेत इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या प्राध्यापक वेंडी हॉल २००८ साली अध्यक्ष झाल्या, उत्तर अमेरिकेबाहेरच्या पहिल्याच. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला तिथवर यायला साठ वर्षं लागली. तुमच्या चॅप्टरच्या कमिटीची यादी काढा आणि बघा, कोण कधीच त्या यादीत आलेलं नाही. छोट्या कॉलेजातले शिक्षक? कंपन्यांतले लोक? माझ्या वेळी आमच्या कमिटीत हार्डवेअरवाला एकही नव्हता, सगळे सॉफ्टवेअरवाले, आणि चॅप्टरला आम्ही संगणक अभियांत्रिकीचा म्हणवत होतो!

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते उदाहरण पदाशिवायचं आहे. आपण वर्गात फळ्यावर एक चिन्हाचा बिट, आठ घातांकाचे आणि तेवीस अपूर्णांकाचे अशी पट्टी काढतो, ते आय-ट्रिपल-ई ७५४, संगणकाने अपूर्णांकी आकडे कसे साठवायचे याचं मानक. सत्तरच्या दशकात दर कंपनीच्या यंत्राचं अपूर्णांकी आकड्यांचं गणित वेगळं होतं, तोच प्रोग्राम दोन यंत्रांवर दोन उत्तरं द्यायचा. १९७७ मध्ये कॉम्प्युटर सोसायटीच्या समितीत काम सुरू झालं. बर्कलीचे प्राध्यापक विल्यम कहान, त्यांचा विद्यार्थी जेरोम कूनन आणि हॅरॉल्ड स्टोन यांनी एक मसुदा मांडला. शून्याच्या अगदी जवळच्या आकड्यांचं काय करायचं यावर मोठी संगणक कंपनी डीईसी अडून बसली. मसुद्याप्रमाणे असे आकडे एकदम शून्य न करता टप्प्याटप्प्याने लहान होऊ द्यायचे होते. तिच्या व्हॅक्स यंत्रात तो प्रकार नव्हता, आणि हार्डवेअरमध्ये तो परवडणार नाही असं तिचं म्हणणं होतं. कहान यांच्या बाजूने तो करून दाखवण्याजोगा आहे हे मांडलं गेलं. मग डीईसीने स्वतःच जी. डब्ल्यू. स्टुअर्ट या संख्यात्मक विश्लेषणाच्या प्राध्यापकाला परीक्षण करायला सांगितलं. त्यांचा निष्कर्ष निघाला कहान यांच्या बाजूने. मानक १९८५ मध्ये मंजूर झालं आणि कहान यांना १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळालं.

इतकी वर्षं त्या माणसाच्या हातात काय होतं? ना कंपन्यांवर हुकूम, ना बजेट. होता तो मुद्दा, आणि बैठकीला पुन्हा पुन्हा येऊन तो समजावण्याची चिकाटी. चॅप्टरमध्ये एवढं मोठं काही घडत नाही हे मान्य. पण काम करायची रीत तीच आहे. तुमचा स्वभाव असा असेल की एका तांत्रिक प्रश्नाला आठ वर्षं धरून राहता, तर मी म्हणेन चॅप्टर सोडा, एखाद्या मानक समितीत जा. अभ्यासक्रमाची आवड असेल तर तीही वाट आहे. संगणक अभियांत्रिकीसाठी एसीएम आणि कॉम्प्युटर सोसायटीने मिळून २००४ आणि २०१६ मध्ये जे मार्गदर्शक अभ्यासक्रम काढले, त्या समित्यांवर आपल्यासारखे शिकवणारे लोकच होते. आणि त्याचा परिणाम एका चॅप्टरपेक्षा कितीतरी लांब जातो.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: वेळ निघतो, सत्ता नसते, कार्यक्रमांचा आकडा फसवतो, आणि नेतृत्व करायला अध्यक्षपदच लागतं असं नाही. मग अध्यक्षपद घ्यायचं कशासाठी? माझ्या मते दोन कामं अशी आहेत जी अध्यक्षालाच करता येतात.

पहिलं काम नाही म्हणायचं. अध्यक्ष झालात की महिन्याभरात कुणीतरी ओळखीचा माणूस येईल आणि म्हणेल, "सर, आमच्या कॉन्फरन्सला तुमचा लोगो तेवढा टाकू द्या." ऐकायला किरकोळ वाटतं. पण तो लोगो वाचणाऱ्याला सांगतो की इथले पेपर कुणीतरी वाचून पारखलेत. २००५ मध्ये एमआयटीतल्या विद्यार्थ्यांनी सायजेन नावाचा प्रोग्राम लिहिला, तो संगणकशास्त्राचे अर्थहीन पेपर आपोआप तयार करतो. पुढे सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने शोध घेतला तेव्हा असे पेपर चक्क प्रसिद्ध झालेले सापडले, आणि २०१४ मध्ये स्प्रिंगर ही प्रकाशनसंस्था आणि आय-ट्रिपल-ई यांना मिळून १२० हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. यातल्या प्रत्येक कॉन्फरन्सच्या मागे कुणीतरी "तेवढा लोगो" म्हणणारा आणि कुणीतरी "बरं" म्हणणारा असणार, असं मला नेहमी वाटतं.

मी अशा वेळी चार प्रश्न विचारायचो. कार्यक्रम समितीतल्या लोकांना आपण समितीत आहोत हे माहीत आहे का? (हसू नका, एकदा यादीतल्या तिघांना मीच पहिल्यांदा सांगितलं.) एका पेपरला किती रिव्ह्यू? आयोजकांच्या स्वतःच्या पेपरवर निर्णय कोण घेणार? आणि गेल्या वर्षी नाकारलेल्या पेपरांचे रिव्ह्यू दाखवाल का, नावं झाकून? चौथ्या प्रश्नानंतर बहुतेक जण परत येत नाहीत. जे येतात त्यांची कॉन्फरन्स चांगली असते. एक जुना मित्र मात्र यावरून माझ्याशी वर्षभर बोलत नव्हता, हेही सांगून ठेवतो. आपल्याच विभागप्रमुखाची कॉन्फरन्स असेल तर काय, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. तेव्हा निर्णयातून स्वतः बाजूला व्हा, उपाध्यक्षाकडे द्या, आणि तसं इतिवृत्तात लिहून ठेवा. लिहिलेलं नसेल तर बाजूला झालात हे कुणीच लक्षात ठेवत नाही.

दुसरं काम दुसऱ्यांची नावं पुढे करायचं. हे फार स्वस्त आहे आणि फार कमी अध्यक्ष करतात. आय-ट्रिपल-ईच्या सीनिअर मेंबरपदाचंच बघा, साध्या मेंबरच्या वरची पायरी. दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातली पाच वर्षं लक्षणीय कामाची. पदवीची तीन, पदव्युत्तरची चार किंवा डॉक्टरेटची पाच वर्षं त्यात मोजली जातात. तीन शिफारसी लागतात, वेगळी फी नाही. तरी पात्र माणसं अर्ज करत नाहीत, कारण त्यांना वाटतं हे वरच्या ओळखीच्यांसाठी असतं. मी एका शनिवारी दुपारी सभासदांची यादी घेऊन बसलो, पात्र दिसणारी नावं निवडली आणि प्रत्येकाला फोन केला. अर्ज भरताना सोबत बसलो, शिफारसी देणारे शोधून दिले. पुढे कमिटीत मनापासून राबले ते बहुतेक याच लोकांपैकी होते. तुम्ही स्वतः अजून साधे मेंबर असाल तर पहिला अर्ज तुमचाच करा, अकरा वर्षांत तुम्ही नक्की बसता. फेलोचं, म्हणजे सगळ्यात वरच्या सभासदपदाचं, गणित मात्र वेगळं आहे. एका वर्षात मतदार सभासदांच्या हजारी एकापेक्षा जास्त फेलो निवडले जात नाहीत आणि तिथे काम बघतात. चॅप्टर चालवल्याने तो दरवाजा उघडेल या आशेवर पद घेऊ नका.

बढतीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या संस्थेवर अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी संशोधन आधी, अध्यापन त्यानंतर आणि असली सेवा शेवटी मोजतात. बाहेरच्या तज्ज्ञांची पत्रं मागवणाऱ्या संस्थेत असाल तर चॅप्टरपेक्षा चांगल्या कॉन्फरन्सची कार्यक्रम समिती जास्त कामाची, कारण तिथे तुमचं वाचन आणि निर्णय दुसऱ्या विद्यापीठातले लोक जवळून पाहतात. नोकरी अजून कायम झालेली नसेल तर नम्रपणे नाही म्हणा. दोन वर्षांनी पुन्हा विचारतील, अशा पदांना माणसं कधीच पुरत नाहीत. पीएचडीचे तुमचे दोन विद्यार्थी पुढच्या वर्षी प्रबंध लिहायला बसणार असतील तर मी थांबेन. त्यांचं वर्ष तुमच्या अध्यक्षपदाच्या वर्षाहून महाग आहे.

हे सगळं जमत असेल तर होकार देण्याआधी दोन फोन करा. पहिला, आताच्या अध्यक्षांना. त्यांना विचारा की तुमच्याआधी कुणाकुणाला विचारलं होतं आणि त्यांनी नकार का दिला. उत्तर अवघडून येईल, पण येईल. आणि खात्यावर सह्या कुणाच्या आहेत, मागच्या वर्षाचा अहवाल गेलाय का, पासवर्ड कुणाकडे आहेत, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. दुसरा फोन ज्याला तुम्ही उपाध्यक्ष म्हणून पाहता त्याला किंवा तिला. वर्षभरानंतर तू अध्यक्ष होशील का, असं स्पष्ट विचारा. "सर, तुम्ही सांगाल तसं" असं उत्तर आलं तर अजून कुणी मिळालेलं नाही असं समजा. "मला एवढे तास आहेत आणि हे काम मी करणार नाही" असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला सोडू नका, आणि खुशाल हो म्हणा.